मारे यांची बंदूक

उडता पक्षी छायाचित्रात पकडण्याच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एतिएन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) यांचा प्रयत्न. मारे छायाचित्रकार नव्हते. ते पॅरिसमधील कोलेज द फ्रान्सचे प्राध्यापक. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारे यंत्र त्यांनी १८६० मध्ये सिद्ध केले होते. त्याच पद्धतीने त्यांनी पक्ष्याच्या पंखांची हालचाल नोंदवायला सुरुवात केली. पण त्यासाठी पक्ष्याला साज चढवून हवेच्या नळीने यंत्राला जोडावे लागे. म्हणजे उड्डाण मोजायचे, तर आधी पक्ष्याला बांधायचे!

१८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. ती पाहून मारे यांच्या मनात पहिला विचार आला तो पक्ष्यांचा. परंतु घोडा आखलेल्या वाटेने धावतो, कॅमेऱ्यांना जोडलेले दोरे तोडत जातो. पक्षी कुठल्या वाटेने जाणार? १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आले, तेव्हा त्यांनी आणलेल्या पक्ष्यांच्या चित्रांनी मारे यांचे समाधान झाले नाही. प्रत्येक चित्र एका क्षणाचे होते. त्यांना हवी होती क्षणांची मालिका.

खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी फिरत्या तबकडीचे 'छायाचित्र-रिव्हॉल्व्हर' वापरले होते. त्यावरून मारे यांनी १८८२ च्या आरंभी नेपल्स येथे बंदूक तयार केली. नळीत भिंग, मागे घड्याळाची यंत्रणा आणि फिरती काच. चाप ओढला, की सेकंदाला बारा चित्रे. प्रत्येक १/७२० सेकंदाचे. ही बंदूक कोणाचा जीव घेत नाही, असे त्यांनी आईला पत्रातून कळवले होते. खांद्याला दस्ता लावून त्यांनी समुद्रपक्ष्यांवर नेम धरला. खाली येणारा पंख त्याच वेळी पुढेही झेपावतो, हे त्या मालिकांत दिसले.

येथे एक अडचण उभी राहिली. मोकळ्या आकाशातला पक्षी काचेवर इवलासा, बहुधा नुसती काळी आकृती होऊन उमटे. तपशील हवा म्हणून मारे यांनी काळ्या पार्श्वभूमीसमोर पांढरे पक्षी उडवून एकाच काचेवर अनेक चित्रे घेतली. पुढे बाजूने, समोरून आणि वरून घेतलेल्या चित्रांवरून पंखांच्या एकेका अवस्थेच्या मूर्तीही घडवल्या. १८९० मधील त्यांच्या पक्षी-उड्डाणावरील ग्रंथामागे हे सारे श्रम आहेत. दरम्यान, १८८४ मध्ये ओटोमार आन्शुट्झ यांनी उडत्या पांढऱ्या करकोच्यांची पिसे दिसावीत इतकी स्पष्ट छायाचित्रे घेतली. पण तीही पुन्हा एकेका क्षणाची.

माझ्या मते या इतिहासाचा गाभा या ओढाताणीत आहे. मोकळा पक्षी, क्षणांची मालिका आणि स्पष्ट तपशील ही तिन्ही त्या काळी एकत्र मिळत नव्हती. मारे यांनी मालिका कधीच सोडली नाही. तिच्यासाठी प्रथम तपशील आणि मग आकाश सोडले. आज तिन्ही एकाच कॅमेऱ्यात मिळतात, म्हणून ही निवड आपल्याला दिसतही नाही. मराठीत पक्षी दाणा टिपतो, शिकारी पक्षी टिपतो आणि छायाचित्रकारही पक्षी टिपतो. शिकाऱ्याचे ते क्रियापद छायाचित्रकाराच्या हाती कसे आले, हे पाहायचे असेल, तर मारे यांच्या बंदुकीपाशी थांबावे लागते.