काचेपलीकडची मुले

दिवाळीत घरातले एक पोर आजोळी गेले, तरी फराळाच्या ताटाशी आईचा हात अडखळतो. मग तेच पोर सहा आठवडे दिसणार नसेल तर?

लंडनभोवतालच्या उपनगरांतील आरोग्याधिकारी दरवर्षी अहवाल काढीत. सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात किती दाखल झाले, किती बरे झाले, किती दगावले, असे त्याचे रुक्ष रकाने असत. पण त्यातला एकेक आकडा म्हणजे कुणाचे तरी मूल होते.

अशा रोगांची वर्दी देण्याचा कायदा इंग्लंडात १८८९ साली झाला आणि दहा वर्षांनी तो देशभर सक्तीचा ठरला. घटसर्प किंवा अंगावर लाल पुरळ उठवणारा स्कार्लेट फीवर निघाला, की रुग्णवाहिका दारात येई. मुलाला नेत आणि मागे राहिलेले अंथरूण-पांघरूण निर्जंतुक करीत. स्कार्लेट फीवरचा मुक्काम बहुधा पाच-सहा आठवड्यांचा असे. कित्येक ठिकाणी आईबापांना बाहेर उभे राहून खिडकीच्या काचेतूनच लेकराला पाहावे लागे. कोठे कोठे रोग्यांना क्रमांक देऊन त्यांची प्रकृती स्थानिक वर्तमानपत्रात छापीत. ‘अत्यवस्थ’ या शब्दाखाली आपला क्रमांक नाही ना, हे पाहताना त्या माउलीची काय अवस्था होत असेल!

घटसर्प सर्वांत क्रूर. घशात राखी पडदा धरे आणि श्वास कोंडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात प्रतिविष आले, मृत्यू कमी झाले. पण रोग हटला नाही. १९४० साली ब्रिटनमध्ये घटसर्पाचे ६१,००० हून अधिक रोगी नोंदले गेले आणि ३,२८३ दगावले. त्याच सुमारास, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, मुलांना मोफत लस टोचण्याची देशव्यापी मोहीम निघाली. १९५७ साली रोगी उरले ३८ आणि मृत्यू ६!

इकडे स्कार्लेट फीवरही सौम्य होत गेला होता. त्यावर पेनिसिलीनही मिळू लागले. खाटा रिकाम्या पडल्या आणि पुष्कळ रुग्णालये दुसऱ्या कामी लागली.

काच मात्र सावकाश हलली. रुग्णालयात एकटे पडलेले मूल किती खंगते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली चित्रपटातून दाखवले. १९५९ साली प्लॅट समितीने शिफारस केली, की आईबापांना मुलाजवळ केव्हाही येऊ द्यावे.

तोवर घटसर्पाचा रकाना जवळजवळ रिकामा झाला होता. तो रिकामा केला बाही वर सारून, डोळे मिटून रांगेत उभ्या राहिलेल्या चिमुकल्यांनी.