विद्यार्थी पर्यावरण प्रतिनिधी
विद्यापीठातले पाणी, वीज, कचरा यांबाबत विद्यार्थ्यांची बाजू प्रशासनापुढे मांडणारा, मतांवर निवडून आलेला विद्यार्थी. ब्रिटनमधील अनेक विद्यार्थी संघटनांत हे पद असते. आपल्याकडे सीमेच्या दोन्ही बाजूंना ते नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्यार्थी परिषदेवर एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांचे प्रतिनिधी असतात, पर्यावरणाचा नसतो. कर्नाटकात तर कॉलेजांतल्या थेट विद्यार्थी निवडणुकाच ऐंशीच्या दशकाअखेरीस बंद झाल्या. मग हे काम एनएसएसच्या पोरांवर येते. ती झाडे लावतात, पण धोरण ठरवताना त्यांना विचारतो कोण? बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाबद्दल गावकरी तक्रारी करतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या बिदर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना त्यावर बोलायला निवडून दिलेला माणूस नाही.