कलहारीतला तराजू

मुंगूस हा शब्द आपण मराठी माणसांनी जगाला दिला. या प्राण्याचं इंग्रजी नाव मराठीतूनच गेलं आहे, असं इंग्रजीचे कोशकार सांगतात. आज मी बोलणार आहे ते याच मुंगसाच्या एका भाऊबंदाबद्दल. तो राहतो आफ्रिकेच्या दक्षिण भागात, कलहारीच्या कोरड्या प्रदेशात. त्याचं नाव मीरकॅट. मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहून, पुढचे पाय पोटाशी धरून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दूर नजर लावलेला हा प्राणी तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिला असेल. १९९४ साली आलेल्या 'द लायन किंग' या चित्रपटातला टिमॉन म्हणजे मीरकॅटच. वजन जेमतेम पाऊण किलोच्या आसपास. आहार म्हणजे किडे, अळ्या, पाली आणि विंचू.

एवढ्याशा प्राण्यामागे शास्त्रज्ञांनी तीस वर्षांहून जास्त काळ का घालवावा, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो मीरकॅटइतकाच माणसांचाही आहे.

प्राण्यांकडून बोध घ्यायची आपल्याला फार जुनी सवय आहे. पंचतंत्रातली गोष्ट आठवा. बाळाला वाचवण्यासाठी सापाशी झुंजलेलं मुंगूस, आणि त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून त्यालाच मारणारी आई. तिथं मुंगूस म्हणजे निष्ठेचा पुतळा. मीरकॅटच्या वाट्यालाही तेच आलं. ऑक्सफर्डचे डेव्हिड मॅकडोनल्ड यांनी १९८०च्या दशकात कलहारीत या प्राण्यांचं निरीक्षण केलं. त्यावर बीबीसीनं १९८७ साली 'मीरकॅट्स युनायटेड' हा माहितीपट दाखवला. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं. एक जण झुडपाच्या शेंड्यावर चढून पहारा देतो आणि बाकीचे निर्धास्तपणे जमीन उकरतात, दुसऱ्याच्या पिल्लांची राखण कुणी तिसराच करतो, हे लोकांनी पाहिलं आणि ते भारावून गेले. 'एकमेकां साह्य' करणारं आदर्श गोकुळच जणू.

जीवशास्त्रज्ञांना मात्र हे गोकुळ अडचणीचं होतं. स्वतःची संतती सोडून दुसऱ्याच्या पिल्लांसाठी खपणारा प्राणी निसर्गाच्या निवडीत टिकतो कसा? या कोड्याचं एक उत्तर डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली गणितानं मांडलं. भावंडांमध्ये आपल्याच जनुकांचा वाटा असतो. तेव्हा त्यांची पिल्लं वाढवणं म्हणजे आडवाटेनं आपलाच वंश वाढवणं. सिद्धान्त देखणा होता. पण उघड्या रानात, हिंडत्या-फिरत्या प्राण्यांच्या आयुष्यात तो कितपत लागू पडतो, हे तपासायला कुणाला तरी वर्षानुवर्षं बसून हिशेब ठेवावा लागणार होता.

तो ठेवायला बसले केंब्रिजचे टिम क्लटन-ब्रॉक. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावर त्यांनी लाल हरणांचा दीर्घकाळ अभ्यास केलेला होता. प्रत्येक हरीण ओळखायचं आणि जन्मापासून मरणापर्यंत त्याची नोंद ठेवायची, ही त्यांची रीत. तीच रीत घेऊन १९९३ साली त्यांनी कलहारीत मीरकॅटचा अभ्यास सुरू केला. पुढे त्याचं मुख्य ठाणं झालं ते दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतातलं, व्हान झिल्सरस या छोट्या गावाजवळचं कुरुमान नदीचं राखीव क्षेत्र. नदी नावालाच. पात्र बहुतेक काळ कोरडं असतं.

इथल्या संशोधकांचा दिवस कसा असतो, ते ऐकण्यासारखं आहे. सूर्य उगवण्यापूर्वी ते बिळाशी हजर असतात. ऊन आलं की एकेक मीरकॅट बाहेर येतं आणि सूर्याकडे पोट करून उभं राहतं. पोटावरचे केस विरळ आणि कातडी काळसर, त्यामुळे ऊब लवकर लागते. मग संशोधक छोटा वजनकाटा मांडतो. उकडलेल्या अंड्याचा थोडासा चुरा किंवा पाण्याचे चार थेंब यांच्या आशेनं रानातलं मीरकॅट आपण होऊन काट्यावर चढतं! सकाळी निघताना एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी बिळात शिरण्यापूर्वी एकदा अशी वजनं घेतली जातात. अंगावर रंगाचे छोटे ठिपके लावलेले असतात, त्यावरून कोण कुठलं ते कळतं. हा विश्वास एका दिवसात आला नाही. नव्या गटाला माणसाची सवय होण्यात महिनेच्या महिने जातात. एकदा सवय झाली की मग माणूस म्हणजे नुसतं झाड. टेहळणीला उंच जागा हवी म्हणून ती खुशाल संशोधकाच्या डोक्यावर चढून बसतात.

या काट्यानं पहिला धक्का दिला तो पहारेकऱ्याच्या गोष्टीला. १९९९ साली क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. पहाऱ्यावर चढतं ते पोट भरलेलं मीरकॅट. एखाद्याला जादा अंडं खायला घातलं, तर ते जास्त पहारा देतं. गटात कुणी नसलं, एकटंच असलं, तरी ते पहारा देतंच. पहारेकऱ्याला शत्रू आधी दिसतो, शिवाय तो बिळाच्या जवळच उभा राहतो. दोन हजारांहून अधिक तासांच्या निरीक्षणात पहाऱ्यावरचं एकही मीरकॅट शत्रूच्या तावडीत सापडलेलं दिसलं नाही. म्हणजे ज्याला आपण हौतात्म्य समजत होतो, ती बरीचशी सुरक्षित जागा निघाली. त्याच्या पहाऱ्याचा फायदा सगळ्यांना होतो, हे खरंच. पण त्यासाठी तो जीव ओवाळून टाकत नाही.

याच पहाऱ्याला आवाजाचीही बाजू आहे. झ्युरिकच्या मार्टा मान्सर यांनी या प्राण्यांच्या हाका टिपल्या, त्याच हाका पुन्हा वाजवून पाहिल्या. पहारेकरी अधूनमधून हळू आवाज काढत राहतो. 'मी आहे, तुमचं चालू द्या' असा त्याचा अर्थ. शत्रू आकाशातून येतो आहे की जमिनीवरून, आणि धोका किती जवळ आहे, हेही हाकेत असतं. साप दिसला तर वेगळीच हाक, ती ऐकून सगळे पळण्याऐवजी गोळा होतात.

दुसरा धक्का राखणदारांचा. पिल्लं पहिले तीनेक आठवडे बिळातच असतात. तेव्हा एखादं मीरकॅट दिवसभर उपाशी राहून त्यांच्याजवळ थांबतं. हा खरा त्याग. काट्यावर तो स्पष्ट दिसतो, कारण चरायला गेलेल्यांचं वजन त्या दिवशी वाढतं आणि राखणदाराचं घटतं. पण हा त्याग जवळचे नातेवाईकच जास्त करतात का? नोंदी सांगतात, तसं नाही. नातं दूरचं की जवळचं, यापेक्षा कुणाच्या अंगात किती ताकद आहे, यावर ते जास्त अवलंबून आहे. ज्याला परवडतं तो करतो. हॅमिल्टन चुकले असा याचा अर्थ नव्हे. पण गट मोठा असला तर त्यातल्या प्रत्येकाचीच तगण्याची शक्यता वाढते, हाही हिशेब त्यात धरावा लागतो.

आणि मग या घराची करडी बाजू पुढे आली. गटातली बहुतेक, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के विणी एकट्या प्रमुख मादीच्या असतात. बाकीच्या माद्यांना ती ही संधी सहसा मिळू देत नाही. स्वतःची वीण जवळ आली की ती त्यांना, अगदी पोटच्या मुलींनाही, चावून गटाबाहेर हाकलते. हाकललेल्या मादीच्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि तिचा गर्भ टिकणं अवघड होतं, असं अँड्र्यू यंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं. दुय्यम मादीही काही गरीब गाय नसते. ती गाभण असली तर तीही दुसरीची पिल्लं मारते. २०१४ साली एका प्रयोगात दुय्यम माद्यांना गर्भनिरोधकाचं इंजेक्शन दिलं गेलं. प्रमुख मादीचा जाच कमी झाला, तिला चरायला वेळ मिळाला, आणि तिची पिल्लंही जास्त वजनाची निघाली. थोडक्यात, तिच्या क्रौर्यालाही हिशेब आहे.

मग हे गोकुळ खोटंच का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण विंचू. २००६ सालीच अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की मीरकॅट पिल्लांना चक्क शिकवतात. पिल्लू अगदी लहान असताना मोठी मीरकॅट त्याला मेलेला विंचू देतात. जरा मोठं झालं की जिवंत, पण नांगी मोडलेला. आणखी मोठं झालं की धडधाकट विंचू. पिल्लानं तो टाकून दिला तर पुन्हा त्याच्यापुढे ढकलतात. इयत्ता ठरते ती पिल्लाच्या आवाजावरून. पिल्लं लहान असलेल्या गटात मोठ्या पिल्लांचा आवाज ध्वनिमुद्रिकेवरून ऐकवला, तर मोठी मीरकॅट फसतात आणि जिवंत शिकार आणू लागतात. शिकवणारी नेहमी आईबापच असतात असंही नाही. ज्या घरात पिल्लं मारली जातात, त्याच घरात विंचवाची नांगी मोडून दुसऱ्याच्या पोराला धडा दिला जातो. या दोन्ही गोष्टी एकाच नोंदवहीत आहेत. एक पान फाडून दुसरं ठेवायचं, असं करता येत नाही.

संशोधकांनाही हे पान सोपं नव्हतं. २००५ साली 'मीरकॅट मॅनर' ही मालिका सुरू झाली आणि व्हिस्कर्स गटाची प्रमुख मादी फ्लॉवर जगभर घराघरांत पोचली. २००७ साली नागाच्या दंशानं ती मेली. प्रेक्षक हळहळले. एवढे शास्त्रज्ञ जवळ असताना तिला वाचवलं का नाही, असंही विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. पण ज्यांना जगण्या-मरण्याचाच हिशेब ठेवायचा आहे, त्यांनी आवडत्याला वाचवलं तर पुढचा हिशेबच खोटा होतो. जिला रोज काट्यावर घेतलं, जिची पिल्लं मोजली, तिला जाताना पाहायचं आणि वहीत तारीख लिहायची. ही शिस्त कठोर आहे, पण तिला कोरडी म्हणणं मला जमत नाही.

या शिस्तीचं फळ आता वेगळ्याच ठिकाणी दिसतं आहे. कोण कुणाला मदत करतं, या प्रश्नासाठी सुरू झालेली ही वजनाची वही आज उन्हाचा ताळेबंद सांगते आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या काळात तापमान फार चढतं त्या काळात पिल्लांची वाढ खुंटते आणि ती वाचण्याचं प्रमाण घटतं. क्षयासारखा एक रोगही या गटांत पसरतो, आणि तीव्र उष्णतेत त्याचे परिणाम अधिक वाईट होतात, असं २०२२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं. १९९३ साली हा प्रश्न कुणाच्या मनातही नसेल. पण तेव्हापासूनची रोजची, कंटाळवाणी, तीन वेळची वजनं नसती, तर आज याचं उत्तर देता आलं नसतं.

प्राण्यांकडून बोध घ्यायचाच असेल, तर तो मी मीरकॅटकडून घेणार नाही. ती साधू नाहीत आणि राक्षसही नाहीत, ती आपलं मीरकॅटपण जगताहेत. घ्यायचा झाला तर तो भल्या पहाटे बिळाशी जाऊन बसणाऱ्या त्या माणसाकडून घ्यावा. आपल्याला आवडेल ती गोष्ट सांगण्याआधी त्यानं काटा मांडला, आणि काट्यानं जे दाखवलं ते लिहून ठेवलं.