प्रकल्पवही आणि आठवड्याची विचारपूस

कोरेगावात डी. पी. भोसले महाविद्यालय चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेची स्थापना 1919 मध्ये काले येथे झाली आणि 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह उघडले, ज्याला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राबून शिकत असल्यामुळे अभ्यासाची चौकशी दिनक्रमातच मिसळलेली होती. दिवसा येऊन परतणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मात्र ती आपोआप लाभत नाही.

ही उणीव प्रकल्पकार्याने, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः माहिती गोळा करून लिहिलेल्या अहवालाने, ठळक केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला आणि त्याच्या 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्याला दिले. वसना नदीकाठची पाहणी करायची तर विषय बेतशीर करणे, प्रश्नावली तपासणे, नोंदी पाहणे आणि कच्चा मसुदा वाचणे या टप्प्यांवर शिक्षकाची गाठ पडावीच लागते. नपेक्षा शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातून तयार अहवाल येतो, हे कोणत्याही विभागप्रमुखाला नवीन नाही.

1994 मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ या मूल्यांकन परिषदेने पुढे मेंटरमागे विद्यार्थी किती, हेही विचारण्यास सुरुवात केली. मेंटर म्हणजे ठरावीक विद्यार्थ्यांची सातत्याने विचारपूस करणारा शिक्षक. त्याच्या नोंदवहीत सह्या भरणे सोपे असले, तरी अडलेला प्रकल्प केवळ सहीने पुढे सरकत नाही.