टाकणं आणि सोडणं : दोन शब्दांचा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं समितीनं आम्हांस सांगितलं. आम्ही गिरणी कामगार, पदवीधर नव्हे. पाळी सुटली की वाचनालय गाठायचं आणि कळलं नाही ते जाणत्यांना विचारायचं, हेच आमचं कॉलेज. म्हणून राजे-महाराजांच्या लढाया बाजूला ठेवून आम्ही दोन साध्या शब्दांचा इतिहास मांडत आहोत. ते शब्द म्हणजे 'टाकणं' आणि 'सोडणं'.

पुस्तकी भाषेत दोन्हींना 'त्याग' किंवा 'परित्याग' म्हणून मोकळं होता येतं. पण आपल्या आया-बायांच्या बोलण्यात घोळ नसतो. दारू 'सोडली' म्हणतात. बायको 'टाकली' म्हणतात. माणसाला वाळीत 'टाकतात'. फरक कुठं आहे? सोडणारा स्वतः ठरवतो आणि त्याची किंमत स्वतःच मोजतो. टाकणारा ठरवतो, पण किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. 'वाऱ्यावर सोडलं' असंही म्हणतात, पण वाऱ्यावर जाणारा तिथं दुसराच असतो. म्हणजे ते नावाला सोडणं, खरं तर टाकणंच.

आपला समाज शेकडो वर्षे टाकलेला होता. 'बहिष्कृत' या शब्दाचा अर्थच 'बाहेर केलेला' असा आहे. बाहेर कोणी केलं, ते शब्दात येत नाही. २० जुलै १९२४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' पाक्षिक सुरू केलं. लाजेनं लपवायचा शब्द त्यांनी मथळ्यावर छापला. तेव्हा टाकणाऱ्याला जाब विचारणं सुरू झालं.

हे टाकणं खेड्यापुरतं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विव्हिंग खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्य कामगाराला साच्यावर उभं राहू देत नसत. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे, त्यात विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. लाल बावट्याखाली एक होणारे कामगार धोट्यापाशी वेगळे होत होते, हे विसरता येत नाही.

आता सोडण्याचा इतिहास पाहू. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद म्हटली की चवदार तळं आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायला सांगितलं. आज हे सोपं वाटतं. पण ज्यांनी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं त्यांचं बलुतं बंद झालं, काम बंद झालं, गावानं वाटा अडवल्या. गावानं पुन्हा टाकलं, पण आपल्या माणसांनी सोडलेलं पुन्हा धरलं नाही.

महार वतनाचंही तसंच. तुटपुंजी जमीन आणि बलुतं, त्याच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या रात्रंदिवस सरकारचं आणि गावाचं काम. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. जी जमीन आपली वाटते तीच पायातली बेडी आहे, हे लोकांना पटवायला एवढा काळ जावा लागला.

सर्वांत मोठं सोडणं म्हणजे धर्मांतर. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा. मध्ये २१ वर्षे. रागाच्या भरात टाकलेल्या वस्तूला २१ वर्षे लागत नाहीत. बावीस प्रतिज्ञांपैकी एकोणिसाव्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा त्याग आणि बुद्ध धम्माचा स्वीकार एकत्रच येतात. याचीही किंमत पडली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडावं लागलं.

कोणी विचारतं, सिद्धार्थानं मध्यरात्री बायको-मुलाला टाकलंच ना? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी वेगळा इतिहास दिला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा झाला. सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, संघात तो एकटा पडला, आणि कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून त्यानं स्वतः परिव्रज्या पत्करली. यशोधरेला सांगून, तिची संमती घेऊन तो निघाला. म्हणजे ते सोडणं होतं.

टाकलेल्यांना धम्मानं कसं वागवलं, तेही विनयपिटकात आहे. राजगृहात एका गणिकेचं मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकलं होतं. कावळे जमले होते. राजपुत्र अभयानं विचारलं, जिवंत आहे का? आहे, म्हणाले. म्हणून त्याचं नाव जीवक. पुढं तोच बिंबिसाराचा आणि भगवान बुद्धांचा वैद्य झाला. दुसरा प्रसंग आजारी भिक्खूचा. हगवणीनं तो स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हतं. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतलं आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असं संघाला बजावलं.

तेव्हा प्रश्न आपल्या विहाराचा आहे. त्यागावर प्रवचनं होतात, ती व्हावीतच. पण नवऱ्यानं टाकलेली बहीण मागच्या सतरंजीवर बसते आणि पोरांनी टाकलेला म्हातारा चाळीच्या जिन्याखाली झोपतो, त्यांचं काय? कायदे आहेत. आई-वडिलांना टाकणं २००७ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू आहे. पण अर्ज लिहायला आणि बरोबर जायला माणूस लागतो. समितीनं दर रविवारी वंदनेनंतर एक तास या कामाला द्यावा, अशी आमची सूचना आहे. पहिल्या रविवारी टेबलावर आम्ही बसू.

ज्या समाजानं टाकलं जाणं काय असतं ते भोगलं, त्याच्या वस्तीत कोणी टाकलेलं राहू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!