बियाण्याची पेढी

पेढी म्हटलें कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें तिजोरी, खतावणी आणि व्याजाचा दर उभा राहतो. पेढींत ठेवलेला रुपया दहा वर्षांनीं काढला तरी रुपयाच असतो. बियाण्याच्या पेढीचा व्यवहार मात्र निराळा आहे. कोठींत पडलेलें बीं निपचित दिसलें, तरी तें अतिशय मंदपणें श्वास घेत असतें, आणि श्वास घेतां घेतां एके दिवशीं मरतें. तेव्हां येथें ठेव सुरक्षित राखावयाची तर ती मधून मधून काढून मातींत घालावी लागते. शिवाय दुसरा एक प्रश्न आहे, आणि माझ्या मतें तोच अधिक अवघड आहे: या पेढीच्या वहींत ठेवीदार म्हणून नांव कोणाचें घालावयाचें?

या प्रश्नाची हकीकत सांगण्यास वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मुलूख फार सोयीचा आहे. जुन्या कागदपत्रांतला हा चांदा जिल्हा. त्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. परंतु लोक या साऱ्या टापूला, शेजारच्या भंडारा-गोंदियासकट, झाडीपट्टी म्हणतात. जंगल दाट, पाऊस भरपूर, आणि मुख्य पीक धान. येथें भात म्हणजे ताटांत वाढलेला; शेतांत उभें असतें तें धान. त्या धानासाठीं जुन्या काळीं गांवोगांव तलाव बांधले गेले. मालगुजारी गेल्यावर सरकारी दप्तरांत त्यांचें नांव ‘माजी मालगुजारी तलाव’ असें पडलें, आणि पहिलीं दोन अक्षरें घेऊन लोकांनीं त्यांचे ‘मामा तलाव’ करून टाकले.

तलावाच्या पोटाशीं असलेल्या बांधींत चिखल पुष्कळ दिवस टिकतो. तेथें सावकाश पिकणारें भारी धान. उंचावरची बांधी लवकर कोरडी पडते. तेथें लवकर हातीं येणारें हलकें धान. डोंगरउतारावर धानाचेंही काम नाहीं. तेथें कोसरी, कुटकी. एकाच घरच्या चार बांध्यांना चार वाण लागत, आणि पाऊस एखाद्या महिन्यांत रुसला तरी चारही एकदम बुडत नसत. वाणांचें वैविध्य हा हौसेचा भाग नव्हता. ज्याला विम्याची कंपनी ठाऊक नव्हती त्यानें उतरविलेला तो विमा होता.

हे वाण राखीत कोण? प्रत्येक घर. उभ्या पिकांतून टपोऱ्या लोंब्या वेगळ्या काढावयाच्या, उन्हांत वाळवावयाच्या, आणि शेणमातीनें लिंपलेल्या बांबूच्या ढोलींत, खाण्याच्या धान्यापासून दूर ठेवावयाच्या. माडिया गोंडांच्या गांवांत पेरणीपूर्वीं बीजा पंडुम हा बियाण्याचा सणच होतो. ज्याच्या घरचें बीं सरलें तो मालगुजाराच्या दारीं जाई. तेथें बीं मिळे, पण वाढीदिढीनें: मणभर नेलें तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. ही एका परीनें बियाण्याची पेढीच म्हणावयाची. परंतु तिला वजनाची काळजी, वाणाची नाहीं. दहा घरचें धान एका कोठींत मिसळलें, कीं त्यांतून मिळणारें बीं मापानें पुरें आणि जातीनें अनोळखी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत पोळला, तेव्हां घरांतील राखीव बीं खावें कीं उपाशी राहावें, हा प्रश्न कित्येक चुलींपुढें उभा राहिला असेल. भुकेच्या वर्षीं खाल्लेला वाण पुढच्या वर्षीं दिढीनेंही परत मिळत नाहीं.

१९५१ मध्यें मालगुजारी संपली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत बुटक्या, खत पचविणाऱ्या, भरघोस धानाच्या जाती आल्या. देशाला अन्न हवें होतें आणि तें या जातींनीं दिलें. त्यांना दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु बियाणें दुकानांतून येऊं लागल्यावर ढोल्या रिकाम्या पडल्या. शेजारच्या छत्तीसगडांत भातशास्त्रज्ञ डॉ. रा. हे. रिछारिया यांना ही हानि वेळीच दिसली. त्यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत खेडोपाडीं हिंडून हजारों स्थानिक वाण गोळा केले. हा ठेवा पुढें रायपूरच्या कृषि विद्यापीठाकडे आला. २००२ मध्यें एका परदेशी कंपनीशीं या संग्रहाविषयीं करार होणार अशी वार्ता फुटतांच छत्तीसगडांत मोठा गहजब झाला, आणि कंपनीला मागें फिरावें लागलें. लोकांचा सवाल साधा होता: वाण आमच्या वाडवडिलांचे, मग सौदा कोणाशीं आणि कोणाच्या संमतीनें?

असे संग्रह टिकतात कसे, तेंही थोडें पाहूं. बियाण्याचे शत्रु दोन, ओल आणि उष्णता. बियांतील ओल शेंकडा एकानें कमी केली कीं त्याचें आयुष्य जवळ जवळ दुप्पट होतें, असा एक ठोकताळा आहे. सुमारें पांच-सहा अंश गारवा वाढविला तरी तसेंच. म्हणून मोठ्या पेढ्यांत बीं अगदीं कोरडें करून, हवाबंद पाकिटांत, शून्याखालीं १८ ते २० अंशांवर ठेवतात. दिल्लीस १९७६ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल ब्यूरो ऑफ प्लँट जेनेटिक रिसोर्सेस’ या संस्थेंत अशी राष्ट्रीय पेढी आहे. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड बेटावर डोंगराच्या पोटांत २००८ सालीं जगाची राखीव कोठी उघडण्यांत आली. तरीही ठराविक वर्षांनीं नमुना काढून उगवण तपासावी लागते, आणि ती घसरली कीं शेतांत पेरून नवें बीं धरावें लागतें. ही मेहनत फुकट जात नाहीं. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियांत भाताला खुरटवणारा एक विषाणुरोग पसरला, तेव्हां फिलिपाइन्समधील संस्थेनें सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांतून रोगाला दाद न देणारा असा एकच सांपडला, आणि तो उत्तर प्रदेशांतील एक रानभात होता.

या कामाची किंमत काय असूं शकते तें लेनिनग्राडनें दाखविलें. १९४१ ते १९४४ या वेढ्यांत तेथील बीजसंग्रहाचे कित्येक सेवक उपासमारीनें मेले. भाताच्या संग्रहाचा रक्षक द्मित्री इव्हानोव्ह भाताच्या हजारों पाकिटांच्या सान्निध्यांत मेला. त्यांतील एकही त्यानें फोडलें नाहीं. हा संग्रह ज्यांनीं उभा केला ते वाव्हिलोव्ह त्याच सुमारास, १९४३ मध्यें, स्टालिनच्या तुरुंगांत मरण पावले.

परंतु गोठविलेलें बीं जसें ठेवलें तसेंच राहतें. शेतांतलें बीं बदलतें. तो बदल ओळखणारी नजर कोणत्याही शीतगृहांत ठेवतां येत नाहीं, आणि यासाठीं आपणांस नांदेडला जावें लागेल. मराठवाड्यांतील गोदातीरचें हें नांदेड नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यांतील, नागभीड तालुक्यांतलें एक खेडें. तेथें दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ सालीं आपल्या बांधींत ‘पटेल-३’ या जातीचें धान उभें असतां त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपण-तुम्हीं असतों तर भेसळ म्हणून उपटून टाकल्या असत्या. दादाजींनीं त्या जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामांत निराळ्या पेरल्या. धानाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. त्यामुळें वेगळी लोंबी सातत्यानें वेगळी पेरीत आणि निवडीत गेलें, तर चार-सहा वर्षांत तिचा वाण स्थिर होतो. येथें तसेंच झालें. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. १९९० च्या सुमारास हें धान बाजारांत गेलें तेव्हां त्याला नांव नव्हतें. त्या काळीं एच.एम.टी. कंपनीचीं मनगटी घड्याळें लोकप्रिय होतीं; व्यापाऱ्यानें तेंच नांव ठोकून दिलें. पुढें दादाजींनीं आणखी वाण काढले, त्यांतील एकाला मात्र ‘डी.आर.के.’ म्हणजे आपल्या नांवाचीं आद्याक्षरें दिलीं.

१९९४ मध्यें अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें त्यांजकडून थोडें बीं नेलें, आणि १९९८ मध्यें ‘पी.के.व्ही. एच.एम.टी.’ या नांवानें वाण प्रसृत केला. बीं शुद्ध करून त्याचा एकजिनसीपणा आम्हीं साधला, असें विद्यापीठाचें म्हणणें. मूळ निवड माझी, असें दादाजींचें. मला वाटतें, दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. शुद्धीकरण हें खरें शास्त्रीय काम आहे. परंतु तीन लोंब्या ज्यानें पाहिल्या त्याचें नांव वाणाच्या नांवांत नाहीं, हें कोणत्या हिशेबांत बसवावयाचें? तेव्हां तसा कायदाही नव्हता. वाणांचें संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयींचा कायदा २००१ सालचा. त्यानें शेतकऱ्याला आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिला, तसेंच स्वतःचा वाण नोंदविण्याची वाट उघडली. दादाजींना २००५ मध्यें राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें पुरस्कार मिळाला, २०१० मध्यें ‘फोर्ब्स’च्या यादींत नांव आलें, पैसा मात्र हातीं फारसा आला नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते गडचिरोली जिल्ह्यांतील शोधग्रामच्या रुग्णालयांत वारले.

एक गोष्ट येथें प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. एच.एम.टी. इतका पसरला कीं जेथें चार बांध्यांत चार वाण असत तेथेंही चारही बांध्यांत तोच दिसूं लागला. वैविध्यांतून जन्मलेला वाण वैविध्याला भारी पडला! हा दोष दादाजींचा नव्हे. चांगल्या दाण्याला बाजार मिळाला कीं असें होतेंच. म्हणूनच शीतगृहाबरोबर गांवची पेढीही हवी. अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांनीं ती उभारून दाखविली, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्र सरकारनेंही २०२२ मध्यें राज्याच्या जनुककोशाची योजना मंजूर केली.

गांवच्या पेढीचा रिवाज बहुधा असा: एक पायली बीं नेलें तर सुगीला दोन परत करावयाचे. दर मालगुजाराच्या दिढीहूनही चढा दिसतो, परंतु वाढावा एका घरच्या कोठींत न जातां पुढच्या मागणाऱ्याकडे जातो. वहींत वाण, तो कोणत्या जमिनीचा, किती दिवसांचा, आणि कोणाच्या घरून आला, हे रकाने असावे लागतात. शेवटचाच रकाना बहुधा कोरा राहतो. आणखी एक अडचण आहे. जो वाण दोन-तीन वर्षें कोणीच मागितला नाहीं तोही पेरून जिवंत ठेवावा लागतो, आणि तेवढ्यासाठीं एक लहानशी बांधी कोणीतरी सोडावी लागते. ती कोणी सोडावयाची, हें पाऊस पडण्याआधीं गांवाच्या सभेला ठरवावें लागतें.