मद्य-किंमत धोरण आणि व्यक्तिस्वातंत्र्य

कर, परवाना शुल्क व किमान विक्री किंमत यांच्या साहाय्याने मद्यपानाला आळा घालण्याचे आणि त्याच वेळी महसूल मिळवण्याचे शासकीय धोरण. प्रौढ व्यक्तीने काय प्यावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद या धोरणाच्या मुळाशी आहे. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील स्थिती व लोणी काळभोर (ता. हवेली, जि. पुणे) परिसरातील तिचे स्वरूप दिले आहे.

पूर्वपीठिका : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर व विकण्यावर सरकारचे नियंत्रण बसवले. महसुलासाठी सरकारच दुकाने वाढवते, ही टीका पुण्यात लवकर सुरू झाली. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी विरोध केला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शहरातील दुकानांपुढे निदर्शने झाली.

कायदेशीर स्थिती : मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला व १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ (१९५१) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी आणि मद्याची प्रशंसा करण्यावरील बंदी रद्द केली. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, असे ‘खोडे डिस्टिलरीज’ निकालात (१९९४) स्पष्ट झाले. पुढे राज्यात दारूबंदी शिथिल झाली, पण कायदा कायम राहिला. त्यामुळे महाराष्ट्रात पिण्यासाठी आजही कागदोपत्री परवाना लागतो. सौम्य मद्यासाठी २१ व तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. मतदानाचा हक्क मात्र १८ व्या वर्षी मिळतो.

किमतीची रचना : पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कर राज्यच ठरवते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क (लिटरमागे २६० रुपयांपर्यंत जाहीर निर्मितीमूल्य असलेल्या मद्यासाठी) निर्मितीमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट केले. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे ‘क्वार्टर’ची, किमान किंमत देशीसाठी ८०, विदेशी मद्यासाठी २०५ व उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गासाठी ती १४८ रुपये आहे. यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित धरण्यात आला. करवाढीविरुद्ध परमिट रूम व बारमालकांनी जुलै २०२५ मध्ये बंद पाळला. याउलट आयात स्कॉचवरील शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले होते. म्हणजे धोरण सर्व थरांवर एकाच दिशेने चालत नाही. शेजारच्या राज्यांतून होणारी तस्करी आणि उत्पादकांचे हितही त्याला वळण देतात.

लोणी काळभोर : पुणे–सोलापूर महामार्गावरील या गावाच्या परिसरात तेल कंपन्यांची आगारे, शेती व विद्यापीठ असल्याने मजूर, वाहनचालक, शेतकरी व विद्यार्थी असा मिश्र ग्राहकवर्ग आहे. देशी दारू परवडत नाही तेथे गूळ व नवसागर यांपासून गाळलेली हातभट्टीची दारू हा स्वस्त पर्याय ठरतो. परिसरातील भट्ट्यांवर छापे पडतात व कच्चे रसायन जागीच नष्ट केले जाते. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या विघातक कृत्यांना आळा घालणाऱ्या १९८१ च्या अधिनियमान्वये विक्रेत्याला खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. लोणी काळभोर पोलीस ठाणे २०२१ मध्ये पुणे शहर आयुक्तालयात समाविष्ट झाल्याने हा अधिकार येथे पोलीस आयुक्तांकडे आला. स्वातंत्र्याचा प्रश्न अशा रीतीने पिणाऱ्यापुरता न राहता विकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. हातभट्टीचा धोका मुंबईतील मालवणी (२०१५) येथील शंभरहून अधिक बळींनी दाखवून दिला.

मतभेद : जॉन स्टुअर्ट मिल याच्या मते (१८५९) केवळ मद्य दुर्मीळ करण्यासाठी लावलेला कर आणि बंदी यांत फरक फक्त प्रमाणाचा असतो, महसुलासाठी लावलेला कर मात्र त्याला मान्य होता. स्कॉटलंडने २०१८ मध्ये किमान किंमत मद्यार्काच्या प्रमाणावर बसवली. महाराष्ट्रात ती मद्याच्या वर्गावर ठरते. समर्थक संविधानाच्या अनुच्छेद ४७ (मद्यबंदीचे निर्देशक तत्त्व) कडे आणि पिणाऱ्याच्या कुटुंबाला सोसाव्या लागणाऱ्या हानीकडे बोट दाखवतात. ‘बाटली आडवी’ करण्यासाठी मतदान घेऊन दुकान बंद पाडण्याचा महिलांचा अधिकार याच भूमिकेतून आला. टीकाकारांचा आक्षेप असा की किंमतवाढ सर्वांवर सारखी पडत नाही : सधन माणूस वाढीव किंमत देऊन आपली निवड कायम ठेवतो, तर रोजंदारीवरील माणूस पिणे कमी करतो, घरखर्चाला कात्री लावतो किंवा हातभट्टीकडे वळतो. यांपैकी पहिली शक्यता किती आणि उरलेल्या दोन किती, यावर धोरणाचे समर्थन अवलंबून राहते. जमा झालेल्या महसुलावरून ते ठरत नाही.